जॅक लँगचं नेमकं काय चुकलं: मागणी, मार्ग की वेळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये राहता. शेजारच्या ऑबर्नचा जुना आमदार आणि १९३० च्या जागतिक मंदीतला न्यू साउथ वेल्स राज्याचा मुख्यमंत्री जॅक लँग याच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकलीत. एक म्हणतो, गरिबांच्या बाजूने लंडनच्या सावकारांशी भिडला म्हणून गव्हर्नरने त्याला हाकललं. दुसरा म्हणतो, त्याने न्यू साउथ वेल्सचं दिवाळं काढलं. खरं काय? गव्हर्नरला तो अधिकार होता का? आणि आपल्याकडे एखादा मुख्यमंत्री उद्या ‘व्याज देणार नाही’ म्हणाला तर काय होईल?

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. लँगची मागणी रास्त होती का, हा एक. ती मागणी रेटायला लागणारी साधनं एका घटक राज्याच्या हातात होती का, हा दुसरा. आणि गव्हर्नरची कृती घटनेत बसत होती का, हा तिसरा. पहिल्याचं माझं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’, दुसऱ्याचं ‘नाही’, आणि तिसऱ्याचं ‘कायद्याने हो, पण घाईने’ असं आहे. लोक बहुधा पहिल्याचं उत्तर देऊन तिन्ही मिटले असं समजतात. तुम्ही ऐकलेली दोन्ही मतं अशीच तयार झाली आहेत.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. तुम्ही लँगचं कोणतं वर्ष बघता त्यावर बरंच काही अवलंबून आहे. १९२५–२७ चा लँग कसलेला सुधारक आहे. १९३० च्या निवडणुकीतला लँग पाळता न येणारी आश्वासनं देतो. १९३१ च्या फेब्रुवारीतला लँग देशभर चर्चा होईल असा कार्यक्रम मांडतो, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याच्या नेमक्या उलट कार्यक्रमावर सही करतो. १९३२ चा लँग कोंडीत सापडलेला आहे. या सगळ्यांना एकच शेरा मारता येत नाही.

राज्यांच्या वित्तव्यवहाराचा अभ्यास करताना भाषणांच्या आधी मी चार गोष्टी पाहतो: कर्ज कोणत्या चलनात आहे, हप्ता कोणत्या तारखेला पडतो, कागदावर देणेकरी कोण आहे आणि रोकड प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे. लँगची सगळी कारकीर्द या चार प्रश्नांनी उलगडते.

चलनापासून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाच्या राज्यांनी लंडनच्या बाजारात भरपूर कर्ज उचललं. रेल्वे, पाणीपुरवठा, रस्ते, बंदरं, सिडनीचा हार्बर ब्रिज, सगळं कर्जावर. परतफेडीची भिस्त लोकर आणि गव्हाच्या निर्यातीवर. १९२९ नंतर या दोन्हींचे भाव कोसळले आणि लंडनमध्ये नवं कर्ज मिळणं बंद झालं. जानेवारी १९३१ मध्ये ऑस्ट्रेलियन पौंड घसरून १०० ब्रिटिश पौंडांना १३० या दरावर आला. याचा हिशोब करून बघा. १०० ब्रिटिश पौंडांच्या कर्जावर ५ टक्क्यांनी वर्षाला ५ पौंड व्याज. पूर्वी राज्याच्या तिजोरीतून साधारण तेवढेच ऑस्ट्रेलियन पौंड जात. आता साडेसहा जाऊ लागले. कर्जाचा आकडा तोच, दर तोच, आणि बोजा ३० टक्क्यांनी जास्त. चलन घसरल्याने लोकर विकणाऱ्या शेतकऱ्याला थोडा दिलासा मिळाला, कारण त्याला ब्रिटिश पौंडाचे जास्त ऑस्ट्रेलियन पौंड मिळू लागले. राज्याच्या तिजोरीला मात्र फक्त तोटा झाला, कारण तिचं उत्पन्न करांचं आणि रेल्वेभाड्याचं, म्हणजे सगळं स्थानिक चलनातलं. त्यात बेकारी वाढली की प्राप्तिकर घटतो, रेल्वेचा माल घटतो आणि शिध्यावर जगणाऱ्यांची संख्या वाढते. कामगार संघटनांच्या आकड्यांनुसार १९३२ च्या मध्याला त्यांचे जवळपास ३० टक्के सभासद बेकार होते.

आता कागदावरचा देणेकरी. हा मुद्दा लँगच्या चाहत्यांच्या लिखाणात हमखास निसटतो. डिसेंबर १९२७ मध्ये संघ सरकार (म्हणजे ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार) आणि सर्व राज्यांत एक वित्तीय करार झाला. राज्यांचं कर्ज संघ सरकारने आपल्या अंगावर घेतलं. व्याजापोटी संघ सरकार दर वर्षी ७५,८४,९१२ पौंड घालणार, तेही ५८ वर्षं, आणि उरलेली रक्कम राज्यांनी संघाकडे भरायची. नवं कर्ज किती काढायचं ते सर्वांनी मिळून ‘लोन कौन्सिल’मध्ये ठरवायचं. नोव्हेंबर १९२८ च्या सार्वमताने हा करार घटनेत गेला. घटनेचं कलम १०५अ ते हेच. त्याचं पाचवं पोटकलम सांगतं की संघाच्या किंवा राज्याच्या घटनेत काहीही लिहिलेलं असलं तरी हा करार सर्वांवर बंधनकारक राहील. म्हणजे मंदी येण्याच्या आधीच राज्याने आपल्या कर्जावरची पकड सोडून दिली होती. लँग तेव्हा सत्तेत नव्हता. ऑक्टोबर १९२७ मध्ये तो हरला आणि सही पुढच्या बाव्हिन सरकारने केली. पण परत सत्तेत आल्यावर त्याला खेळायचं होतं ते याच आखलेल्या पटावर.

लँग इथवर कसा आला ते भराभर सांगतो. जन्म सिडनीत, २१ डिसेंबर १८७६. वडील घड्याळं दुरुस्त करणारे, घरात ओढग्रस्त, लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रं विकली. पुढे ऑबर्नमध्ये घर-जागांच्या व्यवहाराचा धंदा. तिथेच महापौर, १९१३ मध्ये ग्रॅनव्हिलमधून आमदार, मग पॅरामॅटा आणि नंतर ऑबर्न. तुम्ही रोज लोकलने जाता ती सगळी स्टेशनं म्हणजे त्याचा मतदारसंघ. १९२० ते २२ तो राज्याचा अर्थमंत्री होता. १९२३ मध्ये मजूर पक्षाचा नेता झाला आणि १९२५ मध्ये काठावरच्या बहुमताने प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री.

त्या पहिल्या दोन वर्षांचं काम खरोखर मोठं आहे आणि त्याचं श्रेय त्याला निःसंकोच द्यायला हवं. विधवांना निवृत्तिवेतन मिळालं: बाईला आठवड्याला १ पौंड, शिवाय १४ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे १० शिलिंग. अपघातग्रस्त कामगाराला भरपाईचा नवा कायदा आला. ४४ तासांचा आठवडा परत आला. सरकारी हायस्कुलांची फी गेली. १९२७ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग भत्ता सुरू झाला. मंदी आल्यावर पश्चिम सिडनीतल्या हजारो घरांत ज्या थोड्या पैशांवर चूल पेटत होती ते पैसे या कायद्यांनी दिले होते. त्याच्यावरची लोकांची निष्ठा नुसत्या भाषणांनी तयार झाली नव्हती.

याच काळात त्याला दुसरा अडथळा भेटला, तो म्हणजे वरिष्ठ सभागृह. तिथले सदस्य नेमलेले आणि तहहयात. ते सभागृह बरखास्त करण्यासाठी लँगने गव्हर्नरकडून २५ जास्तीचे सदस्य नेमवून घेतले, तरी १९२६ मध्ये विधेयक पडलं, कारण त्याच्याच काही माणसांनी साथ दिली नाही. मग बाव्हिनने १९२९ मध्ये तरतूद केली की सार्वमताशिवाय हे सभागृह रद्द करता येणार नाही. लँगने पुढे तीही ओलांडायचा प्रयत्न केला आणि न्यायालयात हरला. त्या खटल्याचं नाव ट्रेथोवन. विधिमंडळ स्वतःला बांधून घेऊ शकतं का, या चर्चेत तो आजही जगभर शिकवला जातो. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की विधानसभेत कितीही बहुमत असलं तरी करवाढीचं विधेयक वर अडकणार, हे लँगला ठाऊक होतं.

१९३० मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे सर ऑटो निमेयर ऑस्ट्रेलियात आले आणि त्यांनी सांगितलं की राहणीमान खाली आणा, अर्थसंकल्प जुळवा. ऑगस्टमध्ये मेलबर्नला सर्व सरकारांनी ते मान्य केलं. बाव्हिन लोकांना खरं सांगत होता की काटकसर अटळ आहे. लँग म्हणाला, पगारकपात नाही, उलट कामं काढू. २५ ऑक्टोबर १९३० ला ९० पैकी ५५ जागा त्याला मिळाल्या. इथे मी त्याच्यावर ठपका ठेवतो. कामं काढायला पैसा कर्जातून आणावा लागणार होता, आणि कर्जाची किल्ली लोन कौन्सिलकडे होती. अर्थमंत्री राहिलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

९ फेब्रुवारी १९३१ ला कॅनबेराच्या परिषदेत त्याने तीन मुद्दे मांडले. हीच ती ‘लँग योजना’. पहिला: अमेरिकेने ब्रिटनला युद्धकर्जावर जशी सवलत दिली तशी ब्रिटन आम्हाला देईपर्यंत लंडनच्या रोखेधारकांना व्याज देऊ नये. दुसरा: देशातल्या सरकारी कर्जावरचं व्याज ३ टक्क्यांवर आणावं. तिसरा: सोन्याला बांधलेलं चलन सोडून देशातल्या मालाच्या मूल्यावर आधारलेलं चलन आणावं.

पहिल्या मुद्द्यातली तुलना भावनेला पटते, पण वित्ताच्या दृष्टीने तिला एक तडा आहे. ब्रिटनचं अमेरिकेकडचं कर्ज हे सरकारने सरकारकडून घेतलेलं होतं. १९२३ मध्ये त्याचा दर पहिली दहा वर्षं ३ आणि पुढे साडेतीन टक्के ठरला. न्यू साउथ वेल्सचं कर्ज बहुतांश बाजारातल्या रोख्यांचं होतं. तिथे बोलणी करायला समोर एक सरकार नसतं, असंख्य रोखेधारक असतात. तिथे सवलत मिळते ती मुदत संपलेला रोखा कमी दराच्या नव्या रोख्यात बदलून, आणि त्यासाठी बाजारात पत शाबूत लागते. ऑस्ट्रेलियाचं ब्रिटिश सरकारकडे असलेलं युद्धकर्ज वेगळं होतं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९३१ मध्ये सरकारी युद्धकर्जांना वर्षाची स्थगिती सुचवली तेव्हा त्या कर्जाचे हप्ते खरंच थांबले. म्हणजे जिथे लँगची तुलना लागू पडत होती तिथे सवलत आली. जिथे पडत नव्हती तिथेच त्याने भांडण काढलं.

दुसरा मुद्दा मात्र चार महिन्यांत सगळ्यांनीच सौम्य रूपात स्वीकारला. जून १९३१ मध्ये ‘प्रीमियर्स प्लॅन’ ठरला: सरकारी खर्चात २० टक्के कपात, करवाढ, बँकांचे व्याजदर खाली, आणि देशांतर्गत सरकारी कर्जाच्या व्याजात साडेबावीस टक्के कपात. सव्वापाच टक्क्यांचा रोखा धरला तर तो साधारण ४ टक्क्यांवर येतो. लँगला ३ हवे होते. बहुतेक रोखेधारकांनी नवे रोखे घेतले, कारण सर्व सरकारं एकत्र उभी होती. आणि लँगनेही या योजनेवर सही केली. कपातीसकट.

त्याच वर्षात राज्याच्या स्वतःच्या अधिकारात जे येत होतं ते त्याने चांगलं केलं. घर गहाण असलेल्यांना जप्तीपासून संरक्षण, घरभाड्यात साडेबावीस टक्के कपात, भाडेकरूंना बाहेर काढण्यावर तहकुबी, रुग्णालयांसाठी सरकारी लॉटरी, बेकारांसाठीच्या करात वाढ. तरीही जून १९३१ मध्ये बँक्सटाउन आणि न्यूटाउनला घरं रिकामी करून घेताना पोलीस आणि बेकारांच्या तुंबळ मारामाऱ्या झाल्या, आणि त्या लँगच्याच पोलिसांकडून. तुमच्या एका मित्राच्या डोक्यातला तारणहार आणि दुसऱ्याच्या डोक्यातला बंडखोर, दोघांनाही या दिवसांचा हिशोब द्यावा लागतो.

आता थकबाकी. १९३१ च्या मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला लंडनचं व्याज पडत होतं. लँगने ते भरलं नाही. पंतप्रधान स्कलिनच्या संघ सरकारने ते भरलं आणि वसुलीसाठी राज्यावर दावा लावला. परिणाम नीट बघा. लंडनच्या एकाही रोखेधारकाचं काही बुडालं नाही. बुडाली ती राज्याची स्वतःची बचत बँक. गव्हर्नमेंट सेव्हिंग्ज बँकेत लाखो छोट्या ठेवी होत्या आणि तो पैसा घरकर्जात आणि सरकारी कामांत गुंतलेला होता, मागितल्याबरोबर परत देता येईल असा नव्हता. लँग पैसा गिळेल असा प्रचार विरोधकांनी निवडणुकीपासूनच चालवला होता. थकबाकीने लोकांचा त्या प्रचारावर विश्वास बसला. रांगा लागल्या आणि २२ एप्रिल १९३१ ला बँकेने दारं बंद केली. वर्षअखेर ती कॉमनवेल्थ बँकेत विलीन झाली. मार्टिन प्लेसला ४८ क्रमांकाची भव्य इमारत अजून आहे, १९२८ ला पूर्ण झालेली, ती याच बँकेचं मुख्यालय.

ही बँक बुडण्याचा दोष किती लँगचा आणि किती त्याच्याविरुद्ध भीती पसरवणाऱ्यांचा, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते दोघांचाही. पण थकबाकी करणाऱ्या सरकारने पहिल्या दिवशी करायचं काम असतं ते घरातल्या ठेवीदारांना वाचवण्याची व्यवस्था. नोटा छापणारी बँक पाठीशी नसेल तर ती व्यवस्था होत नाही, आणि नोटांचा अधिकार संघाच्या कॉमनवेल्थ बँकेकडे होता. देश थकबाकी करतो तेव्हा त्याच्याकडे चलन, जकात आणि मध्यवर्ती बँक असते. राज्याकडे यातलं काहीच नसतं. मी वर ‘साधनं नव्हती’ म्हणालो ते यासाठी.

यानंतरची चूक मला सर्वांत मोठी वाटते आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. मजूर पक्षात फूट पडली होती. संघ संसदेत बीझली यांच्या नेतृत्वाखाली लँगसमर्थकांचा गट वेगळा बसत होता. २५ नोव्हेंबर १९३१ ला या गटाने विरोधकांबरोबर मत देऊन स्कलिनचं सरकार पाडलं. निमित्त होतं अर्थमंत्री थिओडोरवरचे मदतकामांच्या वाटपातले आरोप. १९ डिसेंबरच्या निवडणुकीत जोसेफ लायन्स प्रचंड बहुमताने आले. स्कलिन व्याज भरून दावा लावत होता, म्हणजे लँगला वेळ मिळत होता. थिओडोर तर चलनविस्ताराचीच योजना मांडत होता, जी लँगच्या तिसऱ्या मुद्द्याच्या सगळ्यांत जवळची होती. आपल्या राज्यातला पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी संपवायच्या नादात लँगने स्वतःच्या आणि लायन्सच्या मधली भिंत पाडली.

पुढचे पाच महिने वेगाने गेले. १९३२ च्या सुरुवातीला राज्याने पुन्हा व्याज थकवलं. मार्चमध्ये लायन्स सरकारने वित्तीय करारांच्या अंमलबजावणीचा कायदा केला: राज्याने पैसे थकवले तर संघ त्या राज्याचं करउत्पन्न थेट वळतं करून घेईल. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने, जे तिथलं सर्वोच्च, हा कायदा ४ विरुद्ध २ ने वैध ठरवला. विरोधात मुख्य न्यायाधीश गॅव्हन डफी आणि एव्हॅट. निकालाचा पाया तेच १०५अ.

आता चौथा प्रश्न उरला: रोकड कोणाच्या ताब्यात? लँगने राज्याचा पैसा बँकांतून काढून ट्रेझरीत रोख ठेवला, कारण बँकेतला पैसा संघाला एका आदेशाने वळवता आला असता. जमा झालेली रक्कम बँकेत न भरता थेट ट्रेझरीत आणा, असं परिपत्रक खात्यांना गेलं. शिक्षकांचे, पोलिसांचे पगार नोटांच्या थप्प्यांतून. असा कारभार काही आठवडे चालतो, महिने चालत नाही. धनादेश वटत नाहीत, पुरवठादार थांबतात, आणि प्रत्येक जमा करणारा कारकून दोन कायद्यांच्या कात्रीत सापडतो. ११ आणि १२ मेच्या आसपास लँगने शेवटचा डाव टाकला: गहाणखतांवर १० टक्के कर, म्हणजे विमा कंपन्या आणि बँकांकडून एकदम मोठी रक्कम. संघ संसदेने तातडीने त्याच्याविरुद्ध कायदा केला.

गव्हर्नर सर फिलिप गेम हा सेनादलातून आलेला सभ्य माणूस. त्याने लँगला बराच काळ सांभाळून घेतलं होतं. नोव्हेंबर १९३१ मध्ये वरिष्ठ सभागृहात २५ सदस्य नेमायला तो राजी झाला तेव्हा त्याच्या स्वतःच्या वर्तुळातले लोक त्याच्यावर नाराज झाले. त्याने लँगला विचारलं की हे परिपत्रक संघाच्या कायद्याविरुद्ध नाही हे दाखवा, नाहीतर ते मागे घ्या, तेही जमत नसेल तर राजीनामा द्या. लँगने तिन्ही नाकारलं. १३ मे १९३२ ला गेमने त्याला बडतर्फ केलं आणि बर्ट्रम स्टीव्हन्सला सरकार बनवायला बोलावलं.

गेम बरोबर होता का? असं प्रकरण तपासताना मी तीन कसोट्या लावतो. बेकायदा कृती चालू होती का? होती, आणि न्यायालयाने आधीच्याच महिन्यात कायदा वैध ठरवला होता. सरकारचं विधानसभेतलं बहुमत गेलं होतं का? नाही, ते भक्कम होतं. आणि दुसरा मार्ग शिल्लक होता का? होता. परिपत्रकाविरुद्ध संघ सरकार न्यायालयात जाऊ शकलं असतं, अधिकाऱ्यांवर मनाई हुकूम आणू शकलं असतं. बेकायदेशीरपणा ठरवणं हे न्यायालयाचं काम, गव्हर्नरचं नाही, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. उलट बाजूला तेवढंच वजनदार वास्तव आहे: शहरात एरिक कॅम्पबेलच्या ‘न्यू गार्ड’ची निमलष्करी कवायत चालू होती. १९ मार्चला हार्बर ब्रिजच्या उद्घाटनात त्यांच्याच एका माणसाने घोड्यावरून येऊन लँगच्या आधी तलवारीने फीत कापली होती. न्यायालयीन लढाई आणखी दोन महिने चालली असती तर रस्त्यावर काय झालं असतं, याची गेमला रास्त चिंता होती. म्हणून मी ‘कायद्याने हो, पण घाईने’ म्हणतो. गेमच्या बाजूने एक गोष्ट नक्की: त्याने लगेच निवडणूक लावून निर्णय लोकांकडे सोपवला.

लँगच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट. तो शांतपणे उठून घरी गेला. कामगार संघटना त्याच्या शब्दावर रस्त्यावर आल्या असत्या. त्याने तो शब्द उच्चारला नाही.

११ जूनच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला २४ जागा मिळाल्या. मतं मात्र साधारण ४० टक्के, म्हणजे मूळ पाठिंबा टिकला, कुंपणावरचे गेले. तो १९३५ आणि १९३८ च्या निवडणुकाही हरला, आणि १९३९ मध्ये पक्षाने विल्यम मॅकेलला नेता केलं. मॅकेल १९४१ मध्ये जिंकला. लँगला १९४३ मध्ये पक्षाने काढलं, १९७१ मध्ये परत घेतलं. त्याला परत घ्या या मागणीत नंतर पंतप्रधान झालेला पॉल कीटिंग आघाडीवर होता. २७ सप्टेंबर १९७५ ला लँग वारला. सहा आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, गव्हर्नर जनरलने पंतप्रधान व्हिटलमला बडतर्फ केलं.

मागणी रास्त होती असं मी का म्हणतो? कारण व्याजाचा दर खरोखरच जास्त होता आणि तो खाली आलाच. ब्रिटनने १९३२ मध्ये स्वतःचं ५ टक्क्यांचं युद्धकर्ज साडेतीनवर आणलं. त्यानंतर माजी पंतप्रधान स्टॅन्ली ब्रूस यांनी लंडनमध्ये बसून ऑस्ट्रेलियाचे महाग रोखे एकेक करून स्वस्त दरात बदलून घेतले. पहिला नंबर न्यू साउथ वेल्सच्याच कर्जाचा लागला, लँग गेल्यावर काही महिन्यांत. लँग टिकला असता तर हे रूपांतर झालं असतं का? मला वाटतं, पत परत येईपर्यंत नाही.

आता भारताबद्दल. आपल्याकडे लँगची वाट आधीच बंद आहे, आणि तीन ठिकाणी. अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला कर्ज फक्त भारतातून काढता येतं, आणि केंद्राचं देणं शिल्लक असेल तर केंद्राची संमती लागते. म्हणजे लँगसारखं परदेशी बाजारात थेट देणेकरी होण्याची वेळ राज्यावर येत नाही. अनुच्छेद २०२ प्रमाणे व्याज आणि कर्जफेड राज्याच्या एकत्रित निधीवर भारित खर्च असतो. त्यावर विधानसभेत चर्चा होते, मतदान होत नाही. आणि तिसरं, सर्वांत व्यवहारी: महाराष्ट्रासकट राज्यांची बँक रिझर्व्ह बँक आहे आणि राज्यांचे रोखेही तीच सांभाळते. देय तारखेला व्याज राज्याच्या खात्यातून वळतं होतं. मुख्यमंत्र्याला ‘भरू नका’ म्हणायला मधे टेबलच नाही. लँगने रोकड ट्रेझरीत नेली तशी नेण्याचा प्रयत्न केला तर करांतला केंद्राकडून येणारा वाटाही त्याच रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जमा होतो, हे लक्षात ठेवा. राज्यपालाच्या बाबतीत आपली कसोटी गेमपेक्षा कडक आहे. १९९४ च्या बोम्मई निकालापासून बहुमत सभागृहातच तपासायचं, आणि राष्ट्रपती राजवटीचा निर्णय न्यायालयाला तपासता येतो. ५५ जागा असलेला मुख्यमंत्री इथे एका पत्राने घरी गेला तर तो आदेश न्यायालयात टिकणं अवघड आहे.

तुम्ही सिडनीतच आहात, तेव्हा स्वतः पडताळून बघा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर त्या काळची वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. चार तारखा शोधा: १० फेब्रुवारी १९३१, २३ एप्रिल १९३१, २६ नोव्हेंबर १९३१ आणि १४ मे १९३२. प्रत्येक तारखेला ‘सिडनी मॉर्निंग हेराल्ड’ आणि लँगच्या बाजूचं ‘लेबर डेली’ शेजारी उघडून ठेवा. हेराल्डमध्ये पहिल्या पानावर जाहिराती असतात, बातम्यांसाठी आतली पानं बघा. नुसते अग्रलेख वाचू नका, बँकेच्या सूचना, पगाराच्या बातम्या आणि रोख्यांचे भाव वाचा. मित्रांशी वाद घालायला त्यातून जास्त मिळेल. अडलं तर इथेच विचारा.